रिचर्ड केली (प्रकाशयोजनाकार)

रिचर्ड केली (इ.स. १९१० – इ.स. १९७७) हे अमेरिकन प्रकाशयोजनाकार होते. इमारतीतील प्रकाशयोजना हा वास्तुरचनेचाच एक घटक आहे आणि तिचा विचार आराखड्याच्या पहिल्या टप्प्यापासून झाला पाहिजे, ही भूमिका प्रत्यक्ष व्यवहारात रुजवणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. फिलिप जॉन्सन, लुडविग मीस व्हान डेर रोह, ईरो सारिनेन आणि लुई कान या विसाव्या शतकातील अग्रगण्य वास्तुविशारदांबरोबर त्यांनी काम केले. न्यू यॉर्क शहरातील सीग्राम इमारत (१९५८) ही त्यांच्या प्रकाशयोजनेने ओळखली जाणारी सर्वांत प्रसिद्ध कार्यालयीन इमारत आहे. किती प्रकाश हवा या प्रश्नाआधी कोठे, कशासाठी आणि कोणत्या प्रकारचा प्रकाश हवा हा प्रश्न विचारला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आधुनिक कार्यालयांतील वीजबचतीच्या दृष्टीने या प्रतिपादनाला पुढे मोठे महत्त्व प्राप्त झाले. केली यांच्या सर्वांत गाजलेल्या इमारतीचा वीजवापर मात्र नंतरच्या काळात टीकेचा विषय ठरला.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

केली यांचा जन्म १९१० मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील झेन्सव्हिल या गावी झाला. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. शिक्षणानंतर ते त्याच शहरात स्थायिक झाले आणि १९३५ मध्ये त्यांनी तेथे प्रकाशयोजनेचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

त्या काळी प्रकाशयोजनेचा सल्लागार असा वेगळा व्यवसाय जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. इमारतीतील दिव्यांची संख्या विद्युत अभियंता ठरवीत असे, दिव्यांचे नमुने उत्पादकाच्या सूचिपत्रातून निवडले जात आणि शोभेच्या दिव्यांची निवड अंतर्गत सजावटकाराकडे असे. केवळ कल्पनेसाठी किंवा सल्ल्यासाठी पैसे देण्याची ग्राहकांची तयारी नसे. त्यामुळे आरंभीच्या वर्षांत केली यांना दिवे तयार करून विकावे लागले आणि त्या विक्रीच्या आधारावरच त्यांना आपल्या कल्पना राबवता आल्या.

आपल्या व्यवसायाला वास्तुशास्त्राची बैठक हवी, या जाणिवेतून त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येल विद्यापीठाच्या वास्तुकला विद्यालयात प्रवेश घेतला आणि १९४४ मध्ये तेथून पदवी संपादन केली. त्या वेळी येलमध्ये स्टॅन्ली मॅककँडलेस हे रंगभूमीच्या प्रकाशयोजनेचे अध्यापन करीत. रंगमंचाचे निरनिराळे भाग निश्चित करून प्रत्येक भागावर वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकण्याची पद्धत त्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मांडली होती. रंगभूमीवर प्रकाशाचा उपयोग प्रेक्षकाचे लक्ष वेधण्यासाठी, वातावरण उभे करण्यासाठी आणि दृश्याचा रंगढंग बदलण्यासाठी केला जातो. रंगभूमीची ही दृष्टी केली यांच्या वास्तुविषयक कामातही ठळकपणे दिसते.

समकालीन पार्श्वभूमी

केली यांच्या उमेदीच्या काळात अमेरिकेतील कार्यालयांचे स्वरूप झपाट्याने बदलत होते. तापलेल्या तारेच्या दिव्यात विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. फ्लुरोसंट नळी तेवढ्याच विजेत त्याच्या कित्येक पट प्रकाश देते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस या नळ्या बाजारात आल्या आणि महायुद्धानंतर कार्यालयांत सर्वत्र पसरल्या. त्याच सुमारास वातानुकूलनही रूढ झाले. त्यामुळे खिडकीपासून दूर, इमारतीच्या खोल अंतर्भागात माणसांना दिवसभर बसवणे शक्य झाले आणि मजले अधिकाधिक रुंद होऊ लागले.

प्रकाशयोजनेचे गणित मुख्यतः टेबलाच्या पातळीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापावर आधारलेले होते. हे प्रदीपन लक्स किंवा फूट-कँडल या एककात मोजतात. अमेरिकेतील प्रदीपनविषयक शिफारशी दशकागणिक वाढत गेल्या आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस नेहमीच्या कार्यालयीन कामासाठी त्या सुमारे १०० फूट-कँडलपर्यंत, म्हणजे १,००० लक्सच्या आसपास पोहोचल्या. छतावर सर्वत्र समान अंतराने नळ्या लावून मजल्याच्या कानाकोपऱ्यात सारखाच प्रकाश पाडणे, हा या शिफारशी पूर्ण करण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता. त्यामुळे जेथे कोणी वाचत किंवा लिहीत नाही अशा येण्याजाण्याच्या वाटा आणि रिकामे कोपरे हेही कामाच्या टेबलाइतकेच उजळले जात.

या पद्धतीत डोळ्यांच्या स्वभावाकडे दुर्लक्ष होत असे. माणसाला दिसते ती पृष्ठभागावरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत पोहोचणारी दीप्ती, आणि तिची जाणीवही सभोवतालच्या दीप्तीच्या तुलनेत होते. त्यामुळे टेबलावर भरपूर लक्स असूनही भिंती अंधाऱ्या असतील तर खोली उदास वाटते, आणि भिंती उजळलेल्या असतील तर कमी विजेतही ती प्रसन्न भासते. केली यांचे काम या निरीक्षणावर उभे होते.

प्रकाशाची त्रिसूत्री

केली यांनी आपले विचार १९५२ मध्ये एका कलाविषयक अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात सूत्ररूपाने मांडले. वास्तूतील प्रकाशाचे त्यांनी तीन घटक मानले. मूळ इंग्रजीत त्यांना फोकल ग्लो, अँबियंट ल्युमिनेसन्स आणि प्ले ऑफ ब्रिलियंट्स अशी नावे आहेत. मराठीत त्यांना अनुक्रमे केंद्रित प्रकाश, परिसरप्रकाश आणि चमचमता प्रकाश असे म्हणता येईल.

केंद्रित प्रकाश हा एखाद्या ठिकाणी लक्ष खेचून घेतो. शेकोटीभोवतीचा उजेड किंवा वाचनाच्या खुर्चीवर पडलेला दिव्याचा प्रकाश ही त्याची परिचित रूपे आहेत. महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यांत तो भेद करतो, नजरेला दिशा देतो आणि कामाची जागा अधोरेखित करतो.

परिसरप्रकाश हा सर्वत्र पसरलेला, सावल्या पुसून टाकणारा प्रकाश होय. धुक्याने भरलेल्या सकाळी किंवा पांढऱ्या तंबूच्या आत असा प्रकाश अनुभवास येतो. त्यामुळे जागेचा विस्तार जाणवतो आणि मनाला सुरक्षित वाटते, परंतु केवळ त्याचाच वापर केल्यास वस्तूंचा उठाव हरवतो.

चमचमता प्रकाश म्हणजे लहान लहान तेजोबिंदूंचा खेळ. बिलोरी झुंबर, कारंज्यावरचे ऊन, रात्रीच्या बाजारपेठेतील दिवे यांतून तो दिसतो. त्याने वृत्ती उल्हसित होते, मात्र प्रमाण सुटल्यास तोच डोळ्यांना त्रासदायक ठरतो.

हे तीन घटक एकमेकांना पर्याय नाहीत. प्रत्येक वास्तूत तिच्या उपयोगानुसार त्यांचे प्रमाण ठरवायचे असते. त्यानंतर दिव्यांचे प्रकार, त्यांच्या जागा आणि संख्या यांचा विचार येतो. संख्येपासून सुरुवात करणाऱ्या प्रचलित पद्धतीच्या तुलनेत हा क्रम उलटा होता.

काचघर

केली यांची कीर्ती प्रथम झाली ती वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांच्या कनेटिकट राज्यातील न्यू केनन येथील काचघरामुळे. १९४९ मध्ये पूर्ण झालेल्या या घराच्या चारही भिंती काचेच्या आहेत. दिवसा घरातून आजूबाजूची वनराई दिसते, परंतु रात्री घरात दिवा लावताच काचेचा आरसा होतो. बाहेरचे सर्व दृश्य नाहीसे होऊन काचेवर केवळ दिव्याचे आणि घरातील वस्तूंचे प्रतिबिंब उरते.

केली यांनी या प्रश्नाचे उत्तर घराबाहेर शोधले. त्यांनी घराभोवतालची हिरवळ आणि झाडे उजळली व घरातील प्रकाश मंद ठेवला. आतील दिवे छताकडे वळवून परावर्तित प्रकाशाचा वापर केला. बाहेरील दृश्याची दीप्ती काचेवरील प्रतिबिंबाच्या दीप्तीपेक्षा अधिक झाल्याने काच पुन्हा पारदर्शक झाली. दिव्याचा उगम काचेत दिसू नये यासाठी जॉन्सन आणि केली यांनी मिळून जमिनीवर ठेवण्याचा एक दिवाही तयार केला. त्यातील प्रकाशस्रोत खाली झाकलेला असून वरच्या छत्रीवरून परावर्तित झालेला प्रकाश तेवढा बाहेर पडतो.

पुढील काळात काचेच्या भिंतींची कार्यालये सर्वत्र उभी राहिली. तेथेही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उद्भवला आणि काचघरातील अनुभव केली यांच्या उपयोगी पडला.

सीग्राम इमारत

मद्यनिर्मिती करणाऱ्या सीग्राम कंपनीने न्यू यॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर आपले मुख्यालय बांधण्याचे ठरवले. कंपनीचे प्रमुख सॅम्युएल ब्रॉन्फमन यांच्या कन्या फिलिस लँबर्ट यांच्या आग्रहामुळे हे काम मीस व्हान डेर रोह यांच्याकडे आले. फिलिप जॉन्सन हे त्यांचे सहकारी होते आणि प्रकाशयोजनेची जबाबदारी केली यांच्यावर सोपवण्यात आली. ३८ मजल्यांची आणि सुमारे १५७ मीटर उंचीची ही इमारत १९५८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या दर्शनी भागावर कांस्याच्या उभ्या पट्ट्या आणि तपकिरी छटेची काच आहे. इमारत रस्त्यापासून मागे सरकवून पुढे मोकळे प्रांगण ठेवले आहे.

ही इमारत दिवसा व रात्री एकसंध दिसावी, विशेषतः संध्याकाळनंतर ती प्रकाशाच्या मनोऱ्यासारखी भासावी, अशी अपेक्षा होती. कार्यालयीन इमारतीत हे साधणे कठीण असते. प्रत्येक भाडेकरू आपल्या सोयीने दिवे लावतो, कोणी पडदे अर्धवट ओढतो, कोणी पूर्ण उघडतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ठिगळे लावल्यासारखा दर्शनी भाग दिसतो.

केली यांनी प्रत्येक मजल्यावर काचेच्या भिंतीला लागून छताचा एक रुंद पट्टा प्रकाशमान केला. पारभासी तावदानांच्या वर फ्लुरोसंट नळ्या बसवल्या असल्याने नळी कोठेच दिसत नाही आणि संपूर्ण पट्टा सारखा उजळतो. रस्त्यावरून वर पाहणाऱ्याच्या नजरेला मजल्याचा दिसणारा भाग म्हणजे मुख्यतः खिडकीजवळचे छत. तेच उजळल्यामुळे सर्व मजले एकसारखे दिसू लागले. पट्ट्याच्या आतील बाजूस भाडेकरूला आपल्या गरजेनुसार मांडणी करण्याची मोकळीक राहिली. दिवसा या पट्ट्याचा आणखी एक उपयोग होतो. खिडकीतून दिसणारे तेजस्वी आकाश आणि खोलीचा अंधारा अंतर्भाग यांतील तीव्र विरोध त्यामुळे सौम्य होतो.

या दिव्यांना दोन टप्प्यांची कळ बसवण्यात आली होती. रात्री आकाश काळोखे असल्याने तोच पट्टा थोड्या प्रकाशातही पुरेसा उठून दिसतो. त्यामुळे रात्री दिवे खालच्या टप्प्यावर ठेवून मनोऱ्याचा परिणामही साधता येई आणि वीजही वाचे. खिडक्यांवरील आडव्या पट्ट्यांच्या पडद्यांना पूर्ण उघडे, अर्धे उघडे आणि पूर्ण बंद अशा तीनच स्थिती ठेवण्यात आल्या, जेणेकरून दर्शनी भागाची शिस्त बिघडू नये.

तळमजल्यावरील उंच प्रवेशदालनात लिफ्टच्या गाभ्याभोवती ट्रॅव्हर्टाइन दगडाच्या भिंती आहेत. छतात खोचून बसवलेल्या दिव्यांतून या भिंतींवर वरपासून खालपर्यंत सारखा प्रकाश सोडला आहे. दिवे जवळपास दिसत नाहीत, दिसते ती उजळलेली भिंत. बाहेरील प्रांगणातून पाहताना हा उजळ गाभा वरच्या काळसर मनोऱ्याला जणू जमिनीपासून अलगद उचलून धरतो. भिंतीवर एकसारखा प्रकाश सोडण्याचे हे तंत्र आज जगभरातील कार्यालयांच्या स्वागतकक्षांत सर्रास आढळते.

याच इमारतीतील फोर सीझन्स या उपाहारगृहाची प्रकाशयोजनाही केली यांची होती. जॉन्सन यांनी रचना केलेले हे उपाहारगृह १९५९ मध्ये सुरू झाले. त्याच्या उंच खिडक्यांवर धातूच्या बारीक साखळ्यांचे पडदे होते. खालून येणाऱ्या हवेने ते लाटांसारखे हलत आणि त्यांवर प्रकाश खेळत राही. मद्यकक्षावर टांगलेले शिल्पकार रिचर्ड लिपोल्ड यांचे धातूच्या सळ्यांचे शिल्प केली यांच्या दिव्यांनी झळाळत असे. खालच्या प्रवेशदालनातील भिंतींचा शांत उजेड आणि वरच्या उपाहारगृहातील चमक यांतून त्रिसूत्रीतील भिन्न घटक एकाच इमारतीत अनुभवता येत.

अन्य महत्त्वाची कामे

केली यांनी निवासस्थाने, विमानतळ, नाट्यगृहे, संग्रहालये आणि कार्यालये अशा विविध प्रकारच्या वास्तूंसाठी काम केले. न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरमधील न्यू यॉर्क स्टेट थिएटर (१९६४) हे जॉन्सन यांनी रचलेले नाट्यगृह चमचमत्या प्रकाशाचे उत्तम उदाहरण मानले जाते. तेथील सज्ज्यांच्या कठड्यांवर आणि प्रेक्षागृहाच्या छतावर पैलूदार हिऱ्यांसारखे दिवे आहेत.

दिव्यांचे उत्पादक एडिसन प्राइस यांच्याशी केली यांचे दीर्घकाळ सहकार्य होते. बाजारात नसलेले दिवे केली कल्पित आणि प्राइस यांच्या कार्यशाळेत ते प्रत्यक्षात उतरत. दिव्याचा प्रकाश हव्या त्या पृष्ठभागावर पडावा, परंतु दिवा स्वतः डोळ्यांत खुपू नये, हे या दिव्यांचे समान उद्दिष्ट होते.

दिवसाच्या नैसर्गिक प्रकाशावर त्यांनी केलेले सर्वांत महत्त्वाचे काम टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथील किंबेल कला संग्रहालयात आहे. लुई कान यांनी रचलेले हे संग्रहालय १९७२ मध्ये खुले झाले. सुमारे ३० मीटर लांबीच्या काँक्रीटच्या कमानी छतांच्या माथ्यावर एक लांब फट आहे. टेक्सासचे कडक ऊन या फटीतून थेट आत आले असते तर चित्रांना ते घातक ठरले असते. फटीखाली छिद्रे असलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे पंखासारखे वक्र परावर्तक बसवून केली यांनी ते ऊन वर छताकडे वळवले. काँक्रीटच्या वक्र पृष्ठभागावर पसरून ते मृदू, रुपेरी प्रकाशाच्या रूपाने खाली उतरते. परावर्तकाची वक्रता निश्चित करण्यासाठी संगणकाचे साहाय्य घेण्यात आले. ही गणिते आयझॅक गुडबार यांनी केली. १९७० च्या सुमारास वास्तूतील प्रकाशासाठी संगणकाचा असा वापर दुर्मीळ होता.

न्यू हेवन येथील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या कान यांच्या अखेरच्या वास्तूंपैकी एका वास्तूतही छतावरून येणारा दिवसाचा प्रकाश गाळून आत घेण्याच्या योजनेत केली यांचा सहभाग होता. कान यांचे १९७४ मध्ये निधन झाले. त्यानंतर इतर वास्तुविशारदांनी काम पूर्ण केले आणि १९७७ मध्ये ही वास्तू खुली झाली.

ऊर्जेचा प्रश्न आणि मूल्यमापन

सीग्राम इमारतीची रचना झाली तेव्हा अमेरिकेत वीज स्वस्त होती. १९७३ च्या तेलसंकटाने परिस्थिती बदलली. कार्यालयांतील निम्मे दिवे काढून टाकणे, नळ्या एकाआड एक बंद ठेवणे असे तातडीचे उपाय सुरू झाले. १९७५ मध्ये तापन, शीतन व वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने नव्या इमारतींतील ऊर्जाबचतीचे मानक प्रसिद्ध केले आणि प्रकाशयोजनेसाठी लागणाऱ्या विजेवर मर्यादा घालण्याची प्रथा पडली. पुढे प्रत्येक चौरस फुटास किंवा चौरस मीटरला किती वॅट, हा कार्यालयीन प्रकाशयोजनेचा एक प्रमुख निकष झाला.

या निकषामुळे केली यांच्या विचारांना वेगळा संदर्भ मिळाला. संपूर्ण मजला सारखाच उजळण्याऐवजी मंद परिसरप्रकाश ठेवायचा आणि कामाच्या जागी स्वतंत्र दिवा द्यायचा, ही पद्धत ऊर्जाबचतीसाठी प्रभावी ठरली. तिच्यामागे भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. लहान दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले तर पृष्ठभागावरचे प्रदीपन चौपट होते. त्यामुळे टेबलावरील छोटा दिवा छतावरील दिव्यांच्या तुलनेत फार थोड्या विजेत कागदावर पुरेसा प्रकाश पाडतो. शिवाय दिव्यासाठी वापरलेली वीज अखेरीस उष्णतेत बदलते आणि ती उष्णता काढण्यासाठी वातानुकूलनाला अधिक वीज लागते. साहजिकच उन्हाळ्यात दिव्यांवरील बचत दुहेरी होते. केंद्रित प्रकाश आणि परिसरप्रकाश यांचा केली यांनी १९५२ मध्ये केलेला भेद या पद्धतीशी थेट जुळतो, जरी त्यांचा मूळ हेतू दृष्टीचे समाधान हा असला तरी.

दुसऱ्या बाजूला, त्यांची सर्वांत प्रसिद्ध कार्यालयीन इमारत ऊर्जेच्या दृष्टीने आदर्श ठरली नाही. न्यू यॉर्क शहराने मोठ्या इमारतींना वार्षिक ऊर्जावापर जाहीर करणे बंधनकारक केल्यानंतर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार सीग्राम इमारतीला १०० पैकी केवळ ३ गुण मिळाले. एकेरी काच आणि त्या काळची यंत्रणा ही या वीजवापराची महत्त्वाची कारणे होती, केवळ प्रकाशयोजनेवर त्याचा भार टाकता येत नाही. तथापि, इमारतीच्या बाह्य सौंदर्यासाठी मजल्यामजल्यावर दिवे तेवत ठेवण्याची कल्पना मुळात स्वस्त विजेच्या काळातील होती, हा आक्षेप रास्त आहे. दोन टप्प्यांच्या कळीतून केली यांनी वीज वाचवण्याची तरतूद केली असली, तरी कोणी कामावर आहे की नाही यानुसार दिवे बदलण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

नंतरच्या पिढीतील कार्यालयांनी ही त्रुटी भरून काढण्याचा प्रयत्न केला. न्यू यॉर्कमध्येच २००७ मध्ये पूर्ण झालेल्या रेंझो पियानो यांच्या ५२ मजली न्यूयॉर्क टाइम्स इमारतीत आकाशातील उजेडानुसार दिवे आपोआप मंद होतात आणि सूर्याच्या स्थितीनुसार पडदे यंत्राने खालीवर होतात. ही यंत्रणा बसवण्यापूर्वी पूर्ण आकाराचा नमुना उभारून लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या साहाय्याने तिची चाचणी घेण्यात आली. सीग्राम इमारतीतील तीन स्थितींचे पडदे आणि दोन टप्प्यांची कळ यांच्याशी तुलना केली असता अर्धशतकातील बदल ध्यानात येतो. काचेच्या भिंतीलगतचा प्रकाश, पडदा आणि दिवा या तिन्हींचा एकत्र विचार करण्याचे तत्त्व मात्र दोन्ही इमारतींत समान आहे.

निधन आणि वारसा

केली यांचे १९७७ मध्ये न्यू यॉर्क येथे निधन झाले. त्याच वर्षी विल्यम लॅम यांचे दृष्टिज्ञान आणि वास्तूतील प्रकाश यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रदीपनाच्या आकड्यांवर विसंबणाऱ्या पद्धतीवर लॅम यांनी त्यात कठोर टीका केली. केली आणि लॅम यांच्या कार्यामुळे गुणवत्तेवर आधारित प्रकाशयोजनेचा विचार पुढील पिढीच्या शिक्षणक्रमात स्थिरावला. प्रकाशयोजनेच्या पाठ्यपुस्तकांत केली यांची त्रिसूत्री आजही शिकवली जाते.

न्यू यॉर्क शहराने १९८९ मध्ये सीग्राम इमारतीचा बाह्यभाग, प्रवेशदालन आणि फोर सीझन्स उपाहारगृहाचा अंतर्भाग यांना वारसावास्तूचा दर्जा दिला. उपाहारगृह २०१६ मध्ये त्या जागेतून बंद झाले. प्रकाशयोजनेच्या क्षेत्रातील तरुणांना प्रोत्साहन देण्यासाठी अमेरिकेतील प्रदीपन अभियांत्रिकी संस्थेच्या न्यू यॉर्क शाखेने केली यांच्या नावे अनुदान सुरू केले. त्यांची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. डिट्रिच नॉयमन यांनी संपादित केलेला त्यांच्या कार्याविषयीचा ग्रंथ येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

प्रकाशयोजनाकाराचे काम दिसू नये, पण त्याचा परिणाम दिसावा, अशा स्वरूपाच्या या व्यवसायात केली यांचे नाव बराच काळ वास्तुविशारदांच्या नावांमागे झाकलेले राहिले. एलईडी दिव्यांमुळे विजेचा वापर कमी झाला आणि दिवा हवा तेथे, हव्या त्या प्रमाणात लावणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले. परंतु स्वस्त झालेला प्रकाश गरज नसलेल्या जागीही उधळला जाण्याचा धोका त्यामुळे वाढला आहे. या परिस्थितीत, दिवा लावण्यापूर्वी तो कशासाठी लावायचा हे ठरवणारी केली यांची कार्यपद्धती कार्यालयीन इमारतींच्या आराखड्यांत उपयुक्त मानली जाते.